शेहेचाळीस रेघा

दिवसाला चौदा जबडे वाचून झाले की माझं डोकं चालेनासं होतं. पंधरावा मी हातात घेत नाही. साहेब म्हणतात, मॅडम, सोळा व्हायला हवेत. मी म्हणते, बघू. साहेबही आता दमलेत, दुसऱ्यांदा म्हणत नाहीत.

काम तसं सोपं आहे. कानाच्या पुढे बोट ठेवून तोंड उघडलं-मिटलं की जिथे हालचाल लागते, तो जबड्याचा सांधा. काही माणसांच्या त्या सांध्यात, विशेषतः पन्नाशीनंतर, कॅल्शियम पायरोफॉस्फेटचे स्फटिक साठतात. गुडघ्यात साठतात तसेच. पण गुडघा धरला तर माणूस लंगडतो, जबडा धरला तर घास घेता येत नाही, जांभई देता येत नाही, आणि शेवटी शेवटी तोंडच उघडत नाही. पूर्वी हा आजार दुर्मीळ समजत. म्हणजे दाढदुखी नाहीतर कानदुखी म्हणून खपून जायचा, एवढंच. मग सुई आली. केसाएवढी पोकळ सुई त्या साठ्यात घालायची, एक बारीक कांडी काढायची, सूक्ष्मदर्शकाखाली ठेवायची आणि तिच्यातले थर मोजायचे. हे मोजणं म्हणजे माझी नोकरी. मिरजेत, गेली अकरा वर्षं.

थर का पडतात तेही सांगते, कारण पुढचं सगळं त्यावरच आहे. सांध्यातल्या कूर्चेवर दाब आला की तिच्या पेशींतून ऊर्जेचा एक रेणू बाहेर झिरपतो. तो तुटला की पायरोफॉस्फेट होतं, आणि ते कॅल्शियमला मिळालं की स्फटिक. दाब जास्त तर थर जाड. आता जबड्यावर सगळ्यांत मोठा दाब कशाचा? चावण्याचा नव्हे. चावणं दिवसातून तासाभराचं. मोठा दाब दात आवळून धरण्याचा असतो. माणूस दिवसभर दात आवळतो, झोपेतही आवळतो, आणि त्याचा त्याला पत्ता नसतो. कुठल्या साली मनातलं किती गिळलं याची नोंद मात्र सांध्यात होऊन बसते.

थर दिसायला लागले तरी साल कळेना. यंत्र परदेशातलं, त्यांच्याकडे काही खूण सापडत नव्हती. ती आपल्याकडे सापडली, सोलापूरच्या एका डॉक्टरीणबाईंना. नवरात्रात नऊ दिवस नुसत्या दुधापाण्यावर राहणाऱ्या बायकांच्या कांडीत एक पातळ, स्वच्छ रेघ येते. ते नऊ दिवस चावणं बंद असतं, रक्तातलं रसायनही थोडं बदलतं, त्यामुळे साठा थांबतो. एक रेघ म्हणजे एक वर्ष. तेव्हापासून आमच्या अर्जावर प्रश्न छापलेला असतो: नवरात्राचे उपास करता का? हो किंवा नाही.

हे सगळं फक्त डॉक्टरांसाठी होतं, पण तसं राहिलं नाही. आता स्थळ बघायला येतात तेव्हा मुलीकडचे सासूच्या जबड्याचा कागद मागतात. घटस्फोटाच्या वकिलांची चंगळ झालीय. एक निवृत्त हेडमास्तर स्वतःचाच जबडा वाचून घ्यायला आले होते. बत्तीस वर्षांच्या नोकरीत एकच पट्टा पातळ निघाला, दोन वर्षांचा. मी विचारलं, सर, तेव्हा कुठल्या शाळेत होता? म्हणाले, तेव्हा मी टीबीने आजारी होतो, रजेवर. हसावं की काय करावं ते कळेना. असे चौदा रोज.

आजारावर औषध आहे. स्फटिक विरघळवणारी सहा इंजेक्शनं. पण ती जन्मात एकदाच चालतात, दुसऱ्यांदा शरीर ती स्वीकारत नाही. म्हणून नियम असा की आधी दाबाचं कारण शोधायचं, ते पेशंटपासून तीन महिने लांब ठेवायचं, गालावर चिकटवलेल्या पट्टीने दाब उतरल्याचं दाखवायचं, आणि मगच औषध. नाहीतर दोन वर्षांत पुन्हा साठा होतो, आणि मग कोणाकडेच उपाय नाही.

अशा वेळी माझ्या आईचा जबडा धरला.

तोंडात उभी तीन बोटं जायला हवीत. आईच्या एक जात होतं, तेही करंगळी. भात पातळ करून, गाळून, ती चमच्याने ओढून घ्यायची. वय सदुसष्ट. इचलकरंजीत आमचं घर, आई, बाबा आणि मी. बाबा, मनोहर बुगड, मागावर जॉबर होते. बिघडलेला माग नुसता आवाज ऐकून दुरुस्त करायचे. आता शेडमध्ये माणूस लागत नाही, माग स्वतःच स्वतःला दुरुस्त करतात, आणि बाबा दारात बसून येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या सायकली नीट करून देतात.

मी माहेरीच असते. तेवीस वर्षांपूर्वी लग्न झालं होतं, आठ महिने टिकलं. मारायचा तो. डाव्या कानाने मला ऐकू येत नाही, ती त्या घरची देणगी. स्थळ बाबांनी आणलं होतं. मी परत आल्यावर त्यांच्याशी भांडले नाही. न भांडता इतकी वर्षं त्यांचं ताट वाढलं, कामापुरतं बोलले, आणि ते भांडणापेक्षा वाईट असतं हे मला चांगलं ठाऊक होतं. म्हणून तर तसं केलं.

नात्यातलं वाचायचं नाही असा आमच्याकडे नियम आहे. मी तो मोडला. अर्जही मीच भरला, नवरात्रापुढे ‘हो’वर खूण केली, आणि दिवाळीनंतरच्या सोमवारी आईची कांडी भिंगाखाली घेतली.

शेहेचाळीस रेघा. पुन्हा मोजल्या, शेहेचाळीसच. आईबाबांच्या लग्नाला त्याच मार्गशीर्षात शेहेचाळीस वर्षं होत होती. साठ्याची सुरुवात लग्नापासूनची, आणि पहिल्या दहा रेघांमधले थर सगळ्यांत जाड. रेघा सारख्या अंतरावर नव्हत्या, एक फट अरुंद, पुढची रुंद, पुन्हा अरुंद, पुन्हा रुंद. यंत्राने त्यापुढे ‘अनियमित दाब’ असा शेरा मारला. मी सही केली.

मला धक्का बसायला हवा होता. खरं सांगते, बरं वाटलं. इतकी वर्षं मी एकटीच त्या माणसावर रागावले नव्हते, असं वाटलं.

संध्याकाळी दोघांना समोर बसवून सांगितलं. आम्ही सांगतो तसंच, हळू आवाजात, कोणाला दोष न देता. दोष न देता सांगायचं आम्हाला प्रशिक्षण असतं.

“किती वर्षं म्हणालीस?” बाबांनी विचारलं.

“शेहेचाळीस.”

“म्हंजे पहिल्यापासनं.”

आई माझ्याकडे बघत होती. तिने तोंड उघडायला घेतलं, जेवढं उघडत होतं तेवढं, आणि मग गॅसवर दूध आहे म्हणून उठून गेली. बाबा तिच्या मागे स्वयंपाकघराच्या दारापर्यंत गेले.

“मी काय केलं ते सांग तरी. मारलं न्हाई, शिवी दिली न्हाई. मागावर डोकं बधिर व्हायचं, घरात बोलणं व्हायचं न्हाई, ते काय?”

“तुमी काय न्हाई केलं,” आई दातांतून म्हणाली.

हा तिचा चांगुलपणा असं बाबांनी धरलं. मीही तसंच धरलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी दोन धोतरं, रक्तदाबाच्या गोळ्या आणि पान्यांची पिशवी घेतली. विट्याला त्यांची बहीण असते, तिच्याकडे निघाले. “तीन म्हैनं म्हणालीस न्हवं?” एवढंच मला विचारलं. एसटी स्टँडवर सोडायला मी गेले नाही, ड्युटी होती. रजा मागितली असती तर मिळाली असती.

गालपट्टीचा आकडा उतरायला हवा होता. पहिल्या आठवड्यात तो चढला. वाटलं, सवयीची माणसं लांब गेली की होतं असं. तिसऱ्या आठवड्यात आणखी चढला. महिन्याभराने आमच्या डॉक्टर मुजावरांनी आलेख समोर ठेवला. बाई शांत आहेत, चष्मा कपाळावर चढवून बोलतात.

“तेजस्विनी, घरात आणखी कोण आहे?”

“मीच.”

“मग?”

“जुनी सवय असेल, मॅडम. शेहेचाळीस वर्षांची. जायला वेळ लागेल.”

त्यांनी चष्मा खाली घेतला आणि पुढचा आलेख उघडला. मलाही पुढचा जबडा होता.

बाबांचा फोन रोज संध्याकाळी सातला यायचा. प्रश्न एकच. “उतरला काय आकडा?” मी म्हणायची, नाही अजून. एकदा म्हणाले, “मी आणि लांब जाऊ काय? पंढरीअण्णा नांदेडला हाय.” अंतराचा संबंध नसतो बाबा, असं मी म्हटलं, आणि फोन ठेवल्यावर बराच वेळ उभी राहिले. त्या माणसाचा राग येणं मला तेव्हा पहिल्यांदा जड जायला लागलं. तरी मी तो सोडला नाही. इतकी वर्षं सांभाळलेली वस्तू एकदम कुठे ठेवायची?

पौष लागला. अष्टमीला सकाळी आई न्हाऊन देव्हाऱ्यासमोर पाट मांडून बसली. बनशंकरीची तसबीर पुसली, दिवा लावला. आम्ही कोष्टी, बनशंकरी आमची देवी, तिचं नवरात्र पौषात बसतं आणि पौर्णिमेला संपतं. आश्विनातलं सगळ्यांचं आणि हे आमचं. आई दोन्हीत नुसत्या दुधावर असते, लहानपणापासून, माहेरची शिस्त. पौर्णिमेला देवीपुढे भाज्या मांडायच्या, जितक्या मिळतील तितक्या, आणि बाजारातून त्या दरवर्षी मी आणते.

“आई, तोंड उघडत नाही. रोज दूधच पितेस. यंदा वेगळा उपास कसला?”

“रोजचं दूध दुखण्याचं,” ती म्हणाली. “आजचं देवीचं.”

मी हसले आणि डबा घेऊन निघाले. बसमध्ये खिडकीजवळ जागा मिळाली. निम्मी वाट सरली असेल, तेव्हा मी बोटांवर महिने मोजायला लागले.

आश्विनातून पौष म्हणजे तीन महिने. पौषातून आश्विन म्हणजे नऊ. अरुंद फट, रुंद फट, अरुंद, रुंद.

प्रयोगशाळेत पोचले ती तशीच थेट कपाटाकडे गेले. आईची काच काढली, भिंगाखाली घेतली. आता बघताना दुसरं काही दिसतच नव्हतं. रेघा जोडीजोडीने उभ्या होत्या. अनियमित दाब नव्हता, दर वर्षी दोन उपास होते. यंत्राला एकच नवरात्र माहीत होतं. आमच्या अर्जालाही. मला दोन माहीत होती. अर्ज मी भरला, भाज्या मी आणते, आणि तरी मला आठवलं नाही. आठवायचंच नव्हतं मला. कांडीने बाबांकडे बोट दाखवलं आणि मी पुढचा विचार करायचं थांबवलं.

शेहेचाळीस रेघा, म्हणजे तेवीस वर्षं. पहिली रेघ पौषातली. तेवीस वर्षांपूर्वीच्या मार्गशीर्षात माझं लग्न झालं, आणि पुढच्याच महिन्यातली ती रेघ. तिच्या आधी साठा नव्हताच. शेहेचाळीस वर्षांतली पहिली तेवीस आईने बाबांबरोबर दात न आवळता काढली होती. सगळ्यांत जाड थर होते ते माझ्या लग्नापासूनच्या पाच वर्षांचे, मी घरी परत येऊन, दार लावून बसायची त्या वर्षांचे.

म्हणजे मी. पोरगी परत आलेली, गल्लीतल्या बायका विचारणाऱ्या, आणि आई गप्प. मला हे समजायला भिंग कशाला लागायला हवं होतं? रडू आलं नाही. फक्त फार थकवा आला, दिवसाचे चौदा वाचल्यावर येतो तसा, आणि अजून एकही वाचला नव्हता.

साहेबांना जाऊन सांगितलं की चूक माझी आहे, कागद मागे घ्यायचा. नियम मोडल्याचंही सांगितलं. ते लिहून द्या म्हणाले, मी दिलं. तीन महिने पुन्हा पहिल्यापासून मोजावे लागणार होते. मग विचारलं, लातूरच्या शाखेत जागा रिकामी आहे ना? उद्यापासून जाते. साहेब म्हणाले, चार दिवस जाऊन या आधी, मग बघू.

दुपारीच घरी आले आणि बॅग भरायला घेतली. साड्या, चष्म्याची दुसरी जोडी, चार्जर. आई दारात येऊन उभी राहिली.

“काय करालीस?”

“लातूरला बदली घेते आहे. बाबांना बोलावून घे. ते कारण नव्हते. मी मोजायला चुकले आई, पौष धरलाच नव्हता. तेवीस वर्षं निघतात. माझ्या लग्नापासूनची, म्हणजे माझ्यामुळेच.”

ती पलंगाच्या कडेला बसली. मी साडीची घडी घातली, ती मोडली, पुन्हा घातली.

“मला ठाऊक होतं,” ती म्हणाली.

“काय?”

“तू शेहेचाळीस म्हणालीस तवाच कळलं. दोन उपास मी करणार आणि मला कळायचं न्हाई?”

मला वाटलं मला नीट ऐकू आलं नाही. मी उजवा कान तिच्याकडे केला.

“मग बोलली का नाहीस? बाबा दोन महिने विट्याला जाऊन बसलेत. रोज विचारतात, आकडा उतरला का.”

“तेवीस म्हटलं असतं तर तू विचारलं असतंस, तेवीस वर्षांमागं काय झालं.”

“मी आले, ते झालं. ते सगळ्यांनाच माहीत आहे.”

“तू यायच्या आधीचं.”

ती सांगू लागली. एकेक शब्द फटीतून काढत होती, मध्ये रुमालाने ओठ पुसत होती. लग्नाला चार दिवस होते. मांडवाचे वासे येऊन पडलेले, पत्रिका वाटून झालेल्या. ती चौंडेश्वरीच्या देवळात गेली होती, तिथे नवऱ्यामुलाची चुलत भावजय तिला भेटली. कडेला घेतलं आणि म्हणाली, मामी, पोरगी देऊ नका, हात उचलतो तो. स्वतःच्या आईवर उचललाय.

“मी घरी आले,” आई म्हणाली. “हे मांडवाला दोऱ्या बांधत होते. म्हटलं, आता सांगते. मग म्हटलं, जेवल्यावर. मग म्हटलं, पोरगं तरुण हाय, लग्न झालं की सुधारेल.”

“बाबांना कधीच सांगितलं नाहीस?”

“यांना सांगितलं असतं तर यांनी तिथंच मोडलं असतं. वासे परत पाठवले असते. ते मला ठाऊक होतं. म्हणूनच न्हाई सांगितलं.”

मी खाली बसले. माझ्या डोळ्यांसमोर ते आठ महिने नव्हते. बाबांचं ताट होतं. रोज दोन वेळा, इतकी वर्षं, त्यांच्यासमोर न बोलता ठेवलेलं ताट. ते कधी विचारायचे, आज भाजी तू केलीस काय, आणि मी मान हलवून आत जायची.

मला राग आला. त्यात दया नव्हती, समजूत नव्हती. आई म्हातारी आहे, तिचं तोंड उघडत नाही, हे मला दिसत होतं आणि तरी आला. मी म्हटलं, “तुला माहीत होतं आणि तू मला पाठवलंस. आणि परत आले तेव्हा माझ्या कानात तेल घालताना रडायचीस.”

“होय.”

“आणि मी बाबांना धरून बसले, ते बघत राहिलीस.”

“होय,” ती म्हणाली. “तू माझ्याशी तरी बोलायचीस. तेवढं मला राखायचं होतं.”

आम्ही दोघी तशाच बसून राहिलो. बाहेर अंधारून आलं, कोणीच दिवा लावायला उठलं नाही. देव्हाऱ्यातला तेवढा होता.

सातला फोन वाजला. मी उचलला आणि आवाज मोठा केला, सवयीने, कानासाठी.

“उतरला काय आकडा?”

“बाबा, मोजणीच चुकली होती. माझी चूक. तुम्ही कारण नव्हताच.”

बाबा म्हणाले, “खरं सांगालीस? का माझ्या जिवाला बरं वाटावं म्हणून?”

“खरं सांगते.”

“मग कोण गं?”

मी आईकडे बघितलं. यंत्र चुकलं म्हणून सांगता आलं असतं, त्यांनी विश्वास ठेवला असता. मी तसं सांगणार होते की नव्हते, मला खरंच माहीत नाही. आईने हात पुढे केला. मी फोन तिच्या हातात दिला.

“मी,” ती म्हणाली. “ऐका.”

तिने त्यांना सगळं सांगितलं. देऊळ, भावजय, मांडवाच्या दोऱ्या. मला सांगितलं त्यापेक्षा जास्त सांगितलं, थांबत, पुसत, पुन्हा सुरू करत. काही शब्द नीट उमटले नाहीत, ते तिने दोनदा म्हटले. बाबा मध्ये एकदाही बोलले नाहीत.

मग त्यांचा आवाज आला. “पोरीला सांगितलंस हे?”

“आत्ताच.”

“कशी हाय ती?”

आईने माझ्याकडे बघितलं.

“जेवली काय?” बाबांनी विचारलं.

मी फोन घेतला. म्हटलं, “नाही बाबा. तुम्ही या, मग जेवू.”